कूस बदलल्याच्या सह्या

ती घटना आजही आठवते, असं लिहून आमच्या खात्यातले लोक आठवणी सुरू करतात. माझी अडचण उलटी आहे. बाकीच्या घटना मी आठवून आठवून, वर तडका मारून सांगतो. ही मात्र न बोलावता येते आणि उठायला सांगितलं तरी उठत नाही.

माझ्याबद्दल आधी थोडं सांगतो, म्हणजे माणूस कळेल. माझा आवाज असा होता की मी ठाण्यात शिंकलो तर दौलताबादच्या किल्ल्यावरची वटवाघळं उडायची. एका घरफोड्याकडं मी नुसती भुवई उचलून पाहिलं, तर त्यानं केलेल्या चार घरफोड्या कबूल केल्या, न केलेल्या दोन कबूल केल्या आणि सासऱ्यानं केलेली एक वरून टाकली. यातलं खरं किती, हे विचारू नका. निवृत्त माणसाचा तेवढा हक्क असतो. पण पुढं जे सांगणार आहे त्यात मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षंही राहिली नव्हती. संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख. ठाण्याच्या भिंतीला लागून लिंबाचं झाड आणि झाडाखाली एका न्हाव्याची खुर्ची. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. अर्ध्या ठाण्याच्या दाढ्या त्याच्याकडं. त्यामुळं शहरात काय शिजतंय हे आमच्या खबऱ्यांच्या आधी त्याला कळायचं. सोमवारी शहरातली सलूनं बंद असतात. त्या सुटीच्या दिवशी उस्ताद हर्सूलच्या पुढं, तलाव ओलांडून माळावर असलेल्या एका वृद्ध सेवा केंद्रात जायचा आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करून यायचा.

एका मंगळवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीत मान टाकून बसलो होतो. वस्तरा गळ्यावर असताना तो म्हणाला, "साब, एक बात बोलू? हसना नक्को."

"वस्तरा तुझ्या हातात, गळा माझा. मी कशाला हसतोय?"

"वो म्हाताऱ्यांचं कायतरी बिघडलंय, साब."

"म्हातारपण म्हणतात त्याला."

"नईं साब. बघा, वस्तरा नाकाखाली आला की माणूस वरचा ओठ ताणून धरतो. गालावर आला की गाल फुगवतो. कोणी शिकवत नाय. लहान पोरगं असो, मरायला टेकलेला माणूस असो. आत्ता तुम्ही बी केलं. वो लोगां नईं करते. ओठ नुसता लोंबतो. जैसा धुतलेला रुमाल."

त्यानं वस्तरा पुसला आणि आवाज खाली आणला.

"वो डायव्हर बाबा हैं ना, एसटीवाले. लकव्यानं अर्धं अंग गेलंय, पण जबान ऐसी चलती थी की बस! 'उस्ताद, मिशीला धक्का लावशील तर तुझी कात्री तुलाच गिळायला लावीन.' दर सोमवारी. काल ओठ घसरला अन् माझ्या हातून अर्धी मिशी उडाली. मग दुसरी बाजू बी काढावी लागली. बाबांनी डोळा नाय उघडला, साब."

आणि मी हसलो. वचन देऊनही हसलो. हनुवटीला वस्तरा लागला तो वेगळा. उस्तादानं तुरटी लावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

त्याचं बोलणं मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की हद्दीतल्या वृद्धांच्या संस्थांना ठाणे प्रमुखांनी समक्ष भेट देऊन अहवाल पाठवावा. मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, जाऊन येऊ. त्यानं रिवाजाप्रमाणं तिथं फोन लावला, "साहेब गुरुवारी अकराला येणार आहेत."

इथं आमच्या खात्यातलं एक गुपित सांगतो. पोलीस ठाण्याचीही दरवर्षी तपासणी होते. वरिष्ठ यायच्या आदल्या आठवड्यात आम्ही काय करतो? आवारातल्या दगडांना चुना आणि गेरू लावतो. कुंड्या भाड्यानं आणतो. सहा महिने ओस पडलेली रजिस्टरं एका बैठकीत भरतो. त्यातही कला असते. तीन रंगांच्या शाया वापरायच्या, मधेच एखादी खाडाखोड मुद्दाम करायची, पानांचे कोपरे बोटानं मळवायचे आणि एका पानावर चहाचा पेला टेकवायचा. माझा रायटर हवालदार, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा माणूस, या कलेतला वस्ताद होता. त्यानं भरलेलं रजिस्टर पाहून एका वरिष्ठांनी त्याला बक्षीस दिलं होतं. वरिष्ठांनाही सगळं ठाऊक असतं, कारण तेही कधीतरी ठाण्यात होते. तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघं मिळून एक नाटक बसवतात आणि शेवटी चहा पितात.

हे सगळं ठाऊक असलेला मी गुरुवारी अकराला, वर्दीत, दोन शिपाई बरोबर घेऊन त्या केंद्रात गेलो.

फिनेलचा आणि मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास. पांढऱ्याशुभ्र चादरी. दोन लांब खोल्यांत चौतीस खाटा आणि चौतीस म्हातारी माणसं, छातीपर्यंत पांघरूण घेऊन झोपलेली. संचालक पन्नाशीचा, गोरटेला, बोलताना सतत हात जोडणारा. "साहेब, आपले पाय लागले, आमचं भाग्य," असं तो दारात म्हणाला, पहिल्या खोलीत म्हणाला आणि पोह्यांची बशी पुढं करतानाही म्हणाला. त्याच्यामागं एक मावशी उभी होती, तिथली सेविका.

वीस मिनिटांत फेरी संपली. निघताना त्यानं अभिप्राय वही पुढं केली. आता तुम्हीच सांगा, हातात पेन, समोर कोरं पान आणि पोटात शेव घातलेले गरम पोहे असताना माझ्यासारखा माणूस दोन ओळींत थांबेल का? मी लिहिलं, 'येथील स्वच्छता व शांतता पाहून मन प्रसन्न झाले. येथील वृद्ध भाग्यवान आहेत. मी स्वतः निवृत्तीनंतर येथेच एक खाट राखून ठेवावी म्हणतो.' खाली सही आणि हुद्दा. संचालकानं ते वाचून डोळे टिपले.

परत आल्यावर मी लिंबाखाली थांबून उस्तादाला म्हणालो, "उस्ताद, तुझा हात इतका हलका झालाय की गिऱ्हाइकाला झोप लागते."

"हौ साब," तो म्हणाला आणि कात्रीला तेल घालत राहिला.

तीन आठवडे गेले. एका सकाळी ठाण्याच्या बाकड्यावर एक बाई बसलेली दिसली. चाळिशीची, पिशोरहून पहाटेच्या एसटीनं आलेली, मांडीवर पिशवी. ही डायव्हर बाबांची मुलगी. लग्न होऊन गावातच दिलेली. भाऊ पुण्याला कंपनीत. वडिलांना लकवा झाल्यावर त्यानंच त्यांना या केंद्रात ठेवलेलं.

मी बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर एका चौकटीचा फोटो होता. माझा अभिप्राय मोठा करून, काच बसवून केंद्राच्या दाराशी टांगला होता.

"साहेब, ही तुमच्या हातचीच हाय ना?"

"हो."

"मी आबाला भेटायला गेले की ते झोपायलेत. सकाळी गेले तरी, दुपारी गेले तरी. अंगाला वास यायलाय. चादर उचलू देत नाहीत. घरी नेते म्हणलं तर भावाची सही आणा म्हणतात. भाऊ म्हणतो, एवढ्या मोठ्या साहेबानं लिहून दिलंय, तू उगं कटकट करू नको." तिनं पदरानं ओठ पुसले. "तुमी आबाला बघितलं व्हतं का?"

"सगळ्यांना बघितलं, ताई. फेरी मारली मी."

"जागे व्हते?"

मी आठवायला लागलो. मला चेहरे चांगले लक्षात राहतात. त्याबद्दल मी चारचौघांत बढाया मारतो. चादरी आठवल्या. पोहे आठवले. फरशी आठवली.

"बरं, आबाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "चौतीस माणसं हायेत म्हणे. त्यातलं कुणी एक तरी जागं व्हतं का, साहेब? अकरा वाजता?"

एकाही आरोपीनं मला कधी असं गप्प केलं नव्हतं. ती वाद घालत नव्हती. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं, कारण उत्तर 'नाही' असेल तर तिचा बाप तिथं मरत होता आणि त्याला बाहेर काढायच्या वाटेवर माझ्या अक्षरातली चौकट टांगलेली होती.

मी तिची तक्रार स्टेशन डायरीला घेतली. ठाणे अंमलदाराला बजावलं, या वेळी कुणालाही फोन नाही. सोमवार दोन दिवसांवर होता. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना, समाजकल्याण खात्याच्या बाईंना, दोन पंचांना आणि रायटर हवालदाराला तलावाजवळ गाडीत बसवून ठेवायचं ठरलं. सरळ धाड घालता आली असती. पण दार उघडेपर्यंत चादरी बदलल्या जातात, हे चादरी बदलणाऱ्या खात्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मला आधी आत जायचं होतं. मी लिंबाखाली गेलो.

"उस्ताद, सोमवारी तुला मदतनीस पाहिजे का?"

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काम येतं क्या?"

"साबण लावता येतो."

"देखेंगे," तो म्हणाला.

सोमवारी नऊला मी उस्तादाचा जुना, मला तंग होणारा चौकड्याचा शर्ट घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून, खांद्यावर त्याची धोकटी घेऊन फाटकातून आत गेलो. शर्टाची मधली दोन बटणं रस्त्यातच तुटून तलावात पोचली असावीत. मला ओळखलं जाण्याची भीती नव्हती. लोक वर्दी बघतात, आतला माणूस बघत नाहीत. फाटक उघडणाऱ्या मावशीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पाण्याची बादली दाखवली. उस्तादानं तर वर्षानुवर्षांचा हिशेब चुकता केला. "ए, पानी ला! ए, सुस्त, ब्रश पकड!" अशा आवाजात तो माझ्यावर ओरडला की आयुक्तांनीही कधी धाडस केलं नसतं.

ओरडण्यावर कुणी हललं नाही. चौतीसपैकी एकही मान वळली नाही.

त्या दिवशी मोगऱ्याची उदबत्ती नव्हती. चादरी पिवळट होत्या आणि माशा होत्या. मी एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाला साबण लावत गेलो. फेस नाकात गेला तरी कुणी शिंकत नव्हतं. एकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून माशी चालत बुबुळाच्या कडेपर्यंत गेली आणि पापणी मिटली नाही. मी आयुष्यात बरीच प्रेतं पाहिली आहेत, विहिरीतली, रुळावरची. प्रेताला हात लावताना मला काही वाटत नाही. ही माणसं गरम होती.

डायव्हर बाबांची खाट दुसऱ्या खोलीत, भिंतीकडं. उंचापुरा माणूस, आता हाडांचा सांगाडा, वरचा ओठ उघडा. उस्तादानं माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या खाटेवर गेला. घड्याळात दहाला पाच कमी होते. मी बाबांच्या उशाशी बसलो, ब्रश हातात ठेवला आणि हळूच चादर उचलली.

वास आधी आला. मग कमरेखाली, माकडहाडाजवळ, वाटीएवढा खड्डा दिसला. कडा काळ्या, आत ओलं, तळाला पांढरं काहीतरी. ते हाड होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. एकाच अंगावर दिवसचे दिवस पडून राहिलं की माणूस खालून सडत जातो. त्याला बेडसोर म्हणतात. तो होऊ नये म्हणून अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते. एवढंच. ना औषध, ना यंत्र, फक्त कूस बदलायची.

मी चादर खाली केली. बाबांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"घंटी," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "दोन मार."

एसटीत कंडक्टरनं दोन घंट्या मारल्या की गाडी हलते. सगळ्या मराठवाड्याला हे ठाऊक आहे.

"मारली, बाबा," मी म्हणालो.

मी तिथून हललो नाही. अकराला मावशी चहाची किटली घेऊन आली आणि तोटीच्या कपानं एकेकाच्या तोंडात चहा सोडत गेली. बाबांच्याही सोडला. अर्धा गळ्यावर ओघळला. ती पुढं गेली. बारा वाजून दहा मिनिटांनी मी मागच्या व्हरांड्यात जाऊन तलावाजवळच्या गाडीला फोन केला.

पंचनामा सुरू झाला. डॉक्टर पहिल्या खाटेपासून चादरी उचलत गेले आणि चौथ्या खाटेनंतर त्यांनी नुसती बोटं दाखवून जखमा मोजायला लावल्या. संचालक अर्ध्या तासात येऊन पोचला. त्याचा चेहरा घाबरलेला नव्हता. तो रजिस्टरांचा गठ्ठा घेऊनच आला होता.

"साहेबांनी स्वतः पाहणी केलेली संस्था आहे ही," तो समाजकल्याणच्या बाईंना सांगत होता. "प्रत्येक रुग्णाचा कूस बदल तक्ता आहे. दर दोन तासांनी नोंद, नोंदीपुढं सही. बघून घ्या. वयच झालंय हो या लोकांचं."

माझ्या रायटर हवालदारानं तक्ता हातात घेतला. दोन पानं उलटली, तिसरं पान उजेडाकडं धरलं आणि माझ्याजवळ सरकला. "साहेब, हे तर आपल्या तपासणीच्या आठवड्यातलं काम दिसतंय. तीन शाया. कोपरे मळवलेत. चहाचा डाग पण टाकलाय. पोरगं हुशार आहे ज्यानं केलंय."

"आजचं पान बघ. भिंतीकडची खाट."

त्यानं वाचलं. "दहा वाजता डावी कूस, सही. बारा वाजता उजवी कूस, सही."

मी संचालकासमोर गेलो. शर्टाला मधली बटणं नव्हती, डोक्याला रुमाल होता आणि कोपरापर्यंत साबण वाळलेला होता. त्यानं मला अजून ओळखलं नव्हतं.

"दहा ते बारा त्या खाटेच्या उशाशी कोण बसलं होतं, ठाऊक आहे?"

"न्हाव्याचा माणूस असेल. तुम्ही कोण?"

मी डोक्याचा रुमाल काढला. त्यानं आधी माझ्या तोंडाकडं, मग साबणाकडं, मग हवालदाराच्या हातातल्या तक्त्याकडं पाहिलं. त्याचे हात सवयीनं जुळायला लागले आणि मधेच थांबले.

खोट्या नोंदी सिद्ध करायला एरवी आम्हाला हस्ताक्षरतज्ज्ञ लागतात, महिने जातात. इथं ज्या दोन तासांत कूस बदलल्याच्या सह्या होत्या, त्या दोन तासांचा साक्षीदार खुद्द ठाण्याचा प्रमुख होता. सगळ्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या जातात, हे डॉक्टरांनी लगेच ओळखलं होतं. त्या गोळ्यांबद्दल मात्र संचालक शेवटपर्यंत म्हणत राहिला, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिल्या. सल्ला मागितल्यावर त्यानं एकच कागद दाखवला. चौतीस जणांना एकच कागद, नावाची जागा कोरी.

मावशीचा जबाब महिला शिपाई बरोबर बसवून मी स्वतः घेतला. चौकशीत कुणी रडतं, कुणी भांडतं. ती भाजी निवडावी तसं एकेक सांगत गेली.

"चौतीस माणसं अन् मी एकटी, साहेब. एकाला वळवायला दोघं लागतात. पयल्यांदी दोन पोरी व्हत्या, त्या सोडून गेल्या. मालक म्हणले, बघून घे."

"गोळ्या कधीपासून?"

"आधी वरडणाऱ्यालाच द्यायचे. डायव्हर बाबा लई वरडायचे. पाणी दे, वळव, खाज सुटली, माशी बसली. मंग एक पाव्हणे आले, त्यांच्यासमोर बाबानं मालकाला आईवरून शिव्या दिल्या. तवापासून मालक म्हणले, सगळ्यांनाच देत जा. खलबत्त्यात कुटायची, चहात टाकायची."

"तुला कळत नव्हतं काय होतंय?"

"कळत व्हतं." तिनं मान वर केली. "शांत असलं की पाव्हणे खूश व्हतेत. तुमी बी खूश झालते की, साहेब. लिहून दिलं तुमी."

महिला शिपाई खाली बघत लिहीत राहिली. मी तिला म्हणालो, जसं बोलली तसंच लिही. खलबत्ता देवघराखालच्या फडताळात सापडला. पांढरी भुकटी अजून तळाला होती. तो मुद्देमाल म्हणून लाखेनं बंद केला.

राहिली अभिप्राय वही. आम्ही ती ठाण्यात आणली होती, पण मुद्देमालाच्या यादीत अजून चढवली नव्हती. रायटर हवालदारानं माझ्या केबिनचं दार ओढून घेतलं.

"साहेब, वही तशी काही कामाची नाही. नाही घेतली तरी केस उभी राहते. आणि घ्यायचीच असेल तर एक पान ढिलं झालंय. शिवण उसवलीय."

"कुठलं पान?"

"आहे एक," तो म्हणाला. माझ्या भल्यासाठी म्हणत होता. निवृत्तीला दीड वर्ष होतं, पदकासाठी माझं नाव गेलेलं होतं. शिवाय ते पान आरोपीच्या वकिलाच्या हातात पडलं की तो विचारणार, साहेब, तुम्हाला स्वतःला तिथं खाट पाहिजे होती ना? माझ्या साक्षीचं वजन त्या पानानं निम्मं होणार होतं, आणि दोन तासांचा साक्षीदार तर मीच.

खोटं सांगत नाही, मी वही उघडून ते पान दोन बोटांत धरलं. शिवण खरंच उसवलेली होती. एक झटका पुरला असता. पण मला मुलीचा प्रश्न आठवत होता. आता तिनं पुन्हा विचारलं असतं तर मला पहिल्यांदाच 'नाही, एकही नाही' असं उत्तर देता येणार होतं, आणि ते देताना पान गायब असून चाललं नसतं. मी वही मुद्देमालाच्या यादीत स्वतःच्या हातानं चढवली. पानांची संख्या मोजून लिहिली. हवालदार म्हणाला, "साहेब, तुम्ही नेहमी चांगलं भरपूर वाढवून लिहिता, तेवढंच नडलं."

केंद्राला सील लागलं. नातेवाइकांनी काही जणांना घरी नेलं, बाकीचे सरकारी दवाखान्यात. डायव्हर बाबा चौथ्या दिवशी पूर्ण जागे झाले. मी, उस्ताद आणि मुलगी खाटेजवळ होतो. त्यांनी चांगला हात तोंडावरून फिरवला, वरच्या ओठावर थांबवला आणि डोळे बारीक करून खाटेभोवती पाहिलं.

"कुणी काढली रे?"

"मैंने बाबा," उस्ताद म्हणाला. "गलती हुई."

यावर बाबांनी जी शिवी दिली ती मी लिहिली तर हे पुस्तक छापणारा पळून जाईल. दोन खाटांवरचे रुग्ण उठून बसले. उस्ताद रडत होता आणि "हौ बाबा, हौ बाबा" म्हणत होता. मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, माणूस वाचवला.

अठराव्या दिवशी बाबा गेले. जखमेतलं विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टर तरुण होते, त्यांना माझ्या अभिप्रायाबद्दल काही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता म्हणाले, "दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं तर जखम एवढी खोल नसती. बहुतेक निभावलं असतं." मी मनातल्या मनात माझ्या फेरीच्या गुरुवारपासून पंचनाम्याच्या सोमवारपर्यंतचे आठवडे मोजले. त्यात वाढवायला किंवा कमी करायला काही नव्हतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं मी गुन्हेगारांबद्दल काही सांगेन. त्या संचालकासारखी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्याच्यात नवीन काही नव्हतं. मी शिकलो ते तपासणाऱ्याबद्दल. आपण भिंती बघतो, फरशी बघतो, रजिस्टर बघतो, कारण ती आपल्याला उलटून काही विचारत नाहीत. जिथं माणसं ठेवलेली असतात, मग ते ठाण्याचं कोठडीघर असो, वसतिगृह असो की म्हाताऱ्यांचं केंद्र, तिथं थोडा कलकलाट असायलाच पाहिजे. कुणीतरी चहा गार आहे म्हणून कुरकुरलं पाहिजे, कुणीतरी शेजारच्याशी पंख्यावरून भांडलं पाहिजे. एकही तक्रार ऐकू आली नाही तर वही मिटा आणि चादर उचला. आणि न सांगता जा. गेल्यावर एका तरी माणसाजवळ बसा, त्याला गाव विचारा आणि तो उत्तर देईपर्यंत उठू नका. नंतर पोहे खायला हरकत नाही.

खटला अजून चालू आहे. संचालक जामिनावर आहे, त्याचा वकील हुशार आहे आणि तारखा पडत राहतात. माझी साक्ष अजून व्हायची आहे. मधल्या काळात मी निवृत्त झालो, हृदयाच्या दोन नळ्यांत जाळ्या बसल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू झाल्या. पण प्रत्येक तारखेला जातो. मुलगीही प्रत्येक तारखेला पिशोरहून येते. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही.

मागच्या तारखेला न्यायालयाचा जिना चढताना मला धाप लागली. मी मधेच भिंतीला हात लावून उभा राहिलो. ती मागून येत होती, ती थांबली.

"साहेब, गोळ्या येळंवर घेताय ना?"

मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा माझी विचारपूस केली होती. "घेतो की, ताई. न चुकता."

"घ्या," ती म्हणाली. "तुमची साक्ष व्हईस्तोवर तुमाला काय बी व्हायला नाय पायजे. त्याच्यानंतर तुमचं तुमी बघा."

ती वर निघून गेली. मी कठडा धरला आणि पुढची पायरी चढलो.